कलाबाईंचा हापसा

१

जळगाव-धुळ्याच्या बारांबद्दल माझं मत आजवर कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. एकूण एक भिकार. बाहेर पाटी 'गारवा' आणि आत पंखासुद्धा धड फिरत नाही. काउंटरवर माशांची काचेची टाकी, तिच्यात एकच मासा, तोही जगण्याला कंटाळलेला. प्यायला येणारे लोक तर विचारूच नका. चांगल्या बिअरमध्ये बर्फ टाकतील, वर मीठ टाकतील, आणि शेवभाजीचा रस्सा मिशीवरून पुसत 'कडक नाही राव' म्हणतील.

अशा नऊ बारांमध्ये मला दर पंधरवड्याला जावं लागतं. नाशिकजवळची एक लहान कंपनी पिंपातच मुरणारी, न गाळलेली बिअर बनवते. तिला ते 'जिवंत बिअर' म्हणतात. असल्या शब्दांना माझ्याकडे नाक मुरडण्यापलीकडे उत्तर नाही. ही बिअर गॅसवर चालत नाही. काउंटरवर लाकडी दांड्याचा एक पंप असतो, तो हातानं ओढायचा, की मागच्या खोलीतल्या पिंपातून पाइपवाटे बिअर वर येते. विलायती पंप आहे, महागडा आहे. आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव हापसा ठेवलं.

माझं काम पाइप धुण्याचं. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलेला माणूस मी, प्रशील नाव, वय सत्तेचाळीस, आणि करतो काय, तर दारूच्या नळ्या धुतो. पण काम चोख करतो. एक मीटर पाइपात किती बिअर मावते, एका ओढणीत किती वर येते, हे मला झोपेतून उठवून विचारा.

त्या मंगळवारी सकाळी कंपनीतून राजदीपचा फोन आला. राजदीप आमचा मॅनेजर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी शहाणा असल्यासारखा बोलतो. शिरपूरच्या अलीकडे कलाबाईंचा बार आहे, तिथे महिन्याला दीड पिंप बिअर कुठे जाते ते कळत नाही, म्हणाला. आज गळती शोधा, नाही सापडली तर पंप काढून गाडीत टाका आणि घेऊन या.

२

कलाबाईंचा बार हायवेपासून आत, कापसाच्या शेतांना लागून आहे. बाई साठीच्या. नवरा लीलाधर, ज्याला सगळे आबा म्हणत, तोच पूर्वी बार चालवायचा. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी पिंप बदलायला म्हणून मागच्या खोलीत गेला तो गेलाच. पोलीस येऊन गेले, पेपरात फोटो आला. मी तेव्हाच ओळखलं होतं की सुरतेला कोणीतरी असणार. त्या खोलीला मागे एक दार आहे आणि दाराबाहेर रस्ता आहे. यात कसलं गूढ? तेव्हापासून बाई एकट्या बार चालवतात. देशी-विदेशीचं गिऱ्हाईक हायवेवरच्या दुकानांनी पळवलं. आता त्यांच्याकडे लोक येतात ते फक्त या हापशाच्या बिअरसाठी. पंप गेला की बारला कुलूप, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पाइप मात्र त्या मला धुवू द्यायच्या नाहीत, स्वतःच गरम पाण्यानं धुऊन ठेवायच्या, मी दुपारी जाऊन नुसती तपासणी करायचो.

मी पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. वना नावाचा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर तेवढा कोपऱ्यात बसला होता. तो रोजचाच. कलाबाईंनी दांड्याला नमस्कार केला आणि ओढायला सुरुवात केली.

पहिल्या ओढणीला काही आलं नाही. ठीक आहे, रात्रभरात पाइप रिकामा होतो. दुसऱ्या ओढणीला यायला हवी होती. आली नाही. बाई ओढत राहिल्या. सावकाश, एखाद्या आजारी माणसाला भरवावं तशा. दर ओढणीला तोंडातल्या तोंडात 'ल्या' म्हणत होत्या, म्हणजे 'घ्या'. वना खाली मान घालून बसला होता. त्यानं हातातला शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नाही. मला हसू आलं. दारूच्या अड्ड्यात असली शांतता मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"अक्का, पाइपात हवा धरली आहे," मी म्हणालो.

"धीर धरा भाऊ. पहिलं त्यासनं व्हऊ द्या."

त्यांचं म्हणजे कोणाचं, ते मी विचारलं नाही. बाराव्या ओढणीला ग्लासात बिअर पडली. स्वच्छ, थंड, फेस जसा हवा तसा. वनानं शेंगदाणा तोंडात टाकला आणि पंखा, माशी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर असे सगळे आवाज पुन्हा ऐकू यायला लागले.

३

हिशेब सोपा होता, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. पिंपापासून पंपापर्यंत पाइप चार मीटर. त्यात पाव लिटर मावतं. एका ओढणीतही पाव लिटरच येतं. म्हणजे दुसऱ्या ओढणीला ग्लास भरायला हवा. इथे दहा ओढण्या कुठेतरी जात होत्या. अडीच लिटर, रोज सकाळी.

मागच्या खोलीत गेलो. दहा बाय आठची खोली, बिनखिडकीची, एसी लावून गार केलेली. एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर उघडणारं दार. पाइप पिंपातून निघतो, जमिनीलगत जातो, आणि मधल्या भिंतीतल्या भोकातून पलीकडे काउंटरखाली निघतो. भिंत नऊ इंची. सगळे जोड मी कोरड्या फडक्यानं पुसून पाहिले. फडकं कोरडंच. फरशी कोरडी, भिंत कोरडी. एवढी बिअर गळत असती तर खोलीभर आंबूस वास सुटला असता आणि मुंग्या आल्या असत्या. एक मुंगी नव्हती.

मग पिंप सोडवून पाइप रिकामा केला, त्याचं टोक पाण्याच्या बादलीत घातलं आणि कलाबाईंना पलीकडून ओढायला सांगितलं. बादलीतलं पाणी उतरत गेलं. तिकडे ग्लास रिकामा. चौथ्या ओढणीला पाणी पोचलं. म्हणजे बिअर अडीच लिटर जाते आणि पाणी मात्र अर्धा लिटरच. गळतीला आवडनिवड असते हे मला ठाऊक नव्हतं.

मी गुडघ्यावर बसलो आणि भिंतीला कान लावला. "ओढा अक्का," म्हणालो. पलीकडे दांडा कुरकुरला. पाइपातून पाणी सरकल्याची सळसळ झाली, आणि भिंतीच्या आत, माझ्या कानापासून वीतभरावर, गटक असा आवाज झाला. पुन्हा दांडा, पुन्हा गटक.

हवा असते. पाइपाला कुठे पोक आला की पाणी तिथे अडतं आणि गचके देत पुढे जातं. मी पंचवीस वर्षं पाइपांचंच काम करतो आहे, पाइपाचे सगळे आवाज मला माहीत आहेत. हा आवाजही माहीत होता. फक्त तो पाइपाचा नव्हता, आणि ते कबूल करायला मी तयार नव्हतो. उभा राहिलो, पँटचे गुडघे झटकले आणि राजदीपला फोन लावला. तो म्हणाला, पंप काढा.

४

मी पान्हा घेऊन काउंटरखाली वाकलो तेव्हा कलाबाई माझ्यासमोर खाली बसल्या. रडल्याबिडल्या नाहीत. पाइपावर हात ठेवला, एवढंच.

"हाई नका काढू, भाऊ. बाकी बठ्ठं लई जा."

मी विचारलं, बाकी सगळं घेऊन जा म्हणजे काय? टेबलं? तो मासा? वनानं मध्ये तोंड घातलं. तीन वर्षं झाली, रोज दहा-अकरा ओढण्या जातात, म्हणाला, पण नंतर दिवसभर काही त्रास नाही, आणि बिअरही अशी दुसरीकडे मिळत नाही. कोणाचं काय बिघडतं? मी म्हणालो, कंपनीचं बिघडतं. खरं तर कंपनीचं मला काही पडलेलं नव्हतं. एक म्हातारी आणि एक कंडक्टर मिळून भिंतीला बिअर पाजतात आणि मला, पाइपाच्या माणसाला, हे सांगतात, याचा संताप आला होता.

तरी मी एक संधी देतो म्हणालो. पाइपात आतून खमिराचा थर धरला असेल, तो कुजून पोकळी झाली असेल. कॉस्टिक सोड्यानं सगळं साफ होतं. बाकीच्या बारांत वापरतो त्याच्या दुप्पट कडक करतो, अर्धा तास पाइपात ठेवतो. तूट थांबली तर पंप राहील, नाही तर जाईल.

गाडीतून डबा आणला. डब्यावर कवटीचं चित्र आहे. द्रावण गुलाबी असतं, म्हणजे पाइपातून पूर्ण निघून गेलं की नाही ते दिसावं. बाईंनी बादलीत वाकून पाहिलं.

"हाई काय शे?"

"साबण आहे."

"पोटमा गया ते?"

"कोणाच्या पोटात जाणार आहे, अक्का? नंतर मी पाण्यानं धुतोच."

त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. सही कुठे करायची हे विचारताना अडाणी माणूस पाहतो तसं. मग उठून काउंटरमागे गेल्या.

मला तेव्हा काय वाटत होतं ते सरळ सांगतो. मजा वाटत होती.

५

मी बादलीजवळ बसलो. "ओढा," म्हणालो. पलीकडून दांडा कुरकुरला आणि बाईंचा आवाज आला, अगदी हळू, "ल्या." बादलीतलं गुलाबी पाणी खाली गेलं. गटक.

दुसरी ओढणी. ल्या. गटक.

तिसरी. ल्या. या वेळी आवाज यायला उशीर झाला. अर्धवट आला.

चौथ्या ओढणीला काहीच आवाज झाला नाही. मी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात भिंतीतून खोकला आला.

एकदाच नाही. आधी घशात काही अडकल्यासारखा, मग कोरडा, मग पोटातून ओढून काढलेला, थांबेचना. नऊ इंची भिंतीत मांजर मावणार नाही. हा खोकला मोठ्या माणसाचा होता, पोट सुटलेल्या माणसाचा, आणि त्या माणसाला श्वास घ्यायला जागा नव्हती.

पलीकडे ग्लास फुटला. कलाबाई मागच्या खोलीत आल्या, बादलीकडे पाहिलं, डब्यावरच्या चित्राकडे पाहिलं.

"तुम्ही त्यासले काय पाजं?"

मी म्हणालो, साबण. दुसऱ्यांदा म्हणालो. माझी जीभ तेवढाच शब्द उचलत होती. बाईंनी मला हातानं बाजूला केलं, फ्रिजमधून दुधाच्या पिशव्या आणल्या, दातांनी फाडल्या आणि भांड्यात ओतून पाइपाचं टोक त्यात बुडवलं. "वना, वढ," असं ओरडल्या. कंडक्टरनं काउंटरमागे जाऊन ओढायला सुरुवात केली. दूध जागचं हललं नाही. आत कोणी ते घेत नव्हतं, आणि पाइप मध्येच कुठेतरी घट्ट दाबून धरलेला होता.

तेव्हा मी माझ्या अकलेनं शेवटचं काम केलं. पाइप काढून दाखवतो, म्हणजे हा पोरखेळ संपेल, असं मनाशी म्हटलं. दोन्ही हातांनी पाइप भिंतीतून खेचला. आधी आला नाही, मग एकदम सुटला आणि मी पाठीवर पडलो. पाइपाचा भिंतीतला भाग माझ्या मांडीवर होता. रसवंतीवर लोक स्ट्रॉ चावून टाकतात, तसा तो चपटा झालेला. दातांचे वण होते. जुने होते, पिवळे पडलेले, त्यांच्यावर नवे होते. भोक एकही पडलेलं नव्हतं. जपून चावला होता.

भिंतीतलं भोक उघडं होतं. मी मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. नऊ इंचांच्या पलीकडे काउंटरखालचा उजेड दिसायला हवा होता. दिसला नाही. मग काहीतरी बाजूला सरकलं आणि दिसला. भोकाच्या खालच्या कडेवरून गुलाबी फेस भिंतीवर ओघळला.

कलाबाईंनी भोकाला तोंड लावलं आणि आत कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिल्या. मी पाहिलं नाही. बाहेर गाडीशी जाऊन उभा राहिलो.

६

तरी पाइप मीच नवा घातला. दुपारी दोनला परत आत जाऊन घातला, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पाइप दबला होता, बदलला.' यात एक अक्षर खोटं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःला पटवत होतो. भिंतीत उंदीर होता. घूस होती. घूस पाइप चावते, कॉस्टिकनं ती खोकते, मरते. घूस खोकते का हे मी कोणाला विचारलं नाही. घरी चहा पिताना घोट घशाखाली उतरला की मी थांबून तो आवाज ऐकायचो.

पंधरा दिवसांनी शिरपूरला गेलो तेव्हा बार उघडा होता. वना कोपऱ्यात होता, पण त्याच्यापुढे काही नव्हतं. कलाबाईंनी दांड्याला हात लावला आणि मला म्हणाल्या, पाहा.

पहिल्या ओढणीला बिअर आली.

त्यांनी तो ग्लास बाजूला ठेवला आणि पुन्हा ओढलं. पुन्हा ग्लास भरला. काउंटरवर भरलेल्या ग्लासांची रांग लागली होती. सकाळपासून त्या ओढत असाव्यात, कारण ग्लास संपल्यावर स्टीलचे तांबे भरले होते, तांबे संपल्यावर पातेली. प्रत्येक वेळी 'ल्या' म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी बिअर सरळ बाहेर पडायची. मी आजवर शेकडो बायकांना रडताना पाहिलं असेल, पण चांगली बिअर वर येते म्हणून असा पडलेला चेहरा पाहिला नव्हता. मला स्वतःची इतकी किळस आली की मी त्यांच्याकडे पाहूच शकलो नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, अक्का, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, भाऊ, ते अठे नहीत आते. इथे नाहीत, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडीत बसलो तोच राजदीपचा फोन. शाब्बास म्हणाला. शिरपूरची तूट शून्यावर आली होती, वरच्या लोकांना कौतुक वाटत होतं. आणि एक काम होतं. यावलच्या बारमध्ये आठवड्याभरापासून तशीच तूट येते आहे, तिथेही तोच उपाय करा.

७

यावलचा बार केळीच्या बागांच्या कडेला आहे. मालक भूपेंद्र, तिशीतला, हातात कायम मोबाइल. त्यानं तक्रार सांगितली, की सकाळी बारा-बारा ओढण्या जातात, आणि वर पाइपातून कसला तरी खरखर आवाज येतो, गिऱ्हाइकं वैतागतात. कॉस्टिक टाकून मोकळे व्हा, मला दुपारी जळगावला जायचंय. पंधरा दिवसांपूर्वी मी अगदी असाच बोललो असतो.

मागच्या खोलीत मी एकटाच गेलो. खोली वेगळी होती, भिंत वेगळी, चार इंची. शिरपूरपासून इथवर मध्ये अख्ख्या चोपडा तालुक्याची शेतं पडली आहेत. मी भिंतीजवळ उभा राहिलो, कान न लावता. खोकला ऐकू आला. आता तो बारीक झाला होता. घसा पूर्ण सोलून निघालेल्या माणसाचा.

मला आनंद झाला, हे कोणाला पटणार नाही. आबा होते. मी त्यांना मारलं नव्हतं. मी कलाबाईंना फोन लावला आणि सांगितलं, अक्का, इथे आहेत, यावलला, माझ्यासमोर भिंतीत. "तुमना जोडे?" त्यांनी विचारलं. हो, माझ्या अगदी जवळ, म्हणालो. मग म्हणाल्या, "फोन भीतले लावा, भाऊ."

मी स्पीकर चालू केला आणि भिंतीला फोन टेकवून धरला. बाई बोलायला लागल्या. घरचं बोलत होत्या, कपाशीचं, वनाच्या गुडघ्याचं, जेवता का नाही असलं. खोकला हळूहळू थांबला. भिंतीच्या आत काहीतरी घासत घासत वर आलं आणि बरोबर फोनपाशी येऊन थांबलं. माझ्या तळहाताला भिंत कोमट लागली.

मग ते बोललं. शब्द नव्हते, जळलेल्या घशाची नुसती खरखर होती, शेवटी प्रश्न विचारल्यासारखी वर गेलेली. मला एक अक्षर कळलं नाही. कलाबाईंना कळलं. त्या शांतपणे म्हणाल्या,

"हां, तोच. तुमना जोडेच उभा शे."